फोनवर मराठी कसं लिहावं: चार पद्धती, आणि तुमच्यासाठी त्यांतली कोणती

नवा फोन घेतल्यावर बहुतेक जण मराठी निरोप इंग्रजी अक्षरांतच पाठवतात. समोरच्याला तो कळतोही, म्हणून सवय पक्की होते. पण एम, ए, एल, ए ही चार अक्षरं म्हणजे 'मला', 'मळा', 'माळा' की 'माला', हे वाचणाऱ्यानं दरवेळी ओळखायचं असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना असं वाचणं जड जातं. शिवाय सहा महिन्यांनी तोच निरोप शोधायला गेलात, तर तेव्हा आपण कोणतं स्पेलिंग केलं होतं हे आठवत नाही आणि शोध रिकामा येतो. देवनागरीत लिहिलेलं सापडतं, आणि फोनला ते मोठ्यानं वाचूनही दाखवता येतं.

देवनागरीत लिहिण्याच्या चार पद्धती आहेत: इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणं, देवनागरी अक्षरांचाच कीबोर्ड वापरणं, बोलून लिहिणं आणि बोटानं गिरवणं. यांतली एकही टाकाऊ नाही. तरी माझं मत सुरुवातीलाच सांगते: रोज दोन-चार ओळींपेक्षा जास्त लिहायचं असेल, तर देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड शिकून घ्या. बाकीच्या तिन्ही पद्धतींत तुम्ही काय म्हणताय याचा फोन अंदाज बांधतो. या एकाच पद्धतीत तुम्ही जे दाबाल तेच उमटतं.

पद्धती पारखायला एकच ओळ चारही प्रकारे लिहून बघा. मी नव्यानं शिकणाऱ्यांना ही देते: 'दऱ्याखोऱ्यांतल्या वाऱ्यानं काळे ढग आणले, आणि त्यांना पाहून आजी म्हणाली, ज्ञानेश्वरा, छत्री घे!' यात 'ऱ्य' आहे, 'ळ' आणि 'ण' आहे, जोडाक्षरं आहेत, अनुस्वार आहेत. कोणती पद्धत कुठे अडखळते ते एवढ्या ओळीत समजतं.

आधी कीबोर्ड बसवून घ्या

अँड्रॉइड फोनवर गुगलचा जीबोर्ड बहुधा आधीपासून असतो. काही कंपन्या स्वतःचा कीबोर्ड देतात, त्यातही मराठी असू शकतं. पण खाली सांगितलेलं सगळं एका जागी हवं असेल तर प्ले स्टोअरमधून जीबोर्ड घ्या आणि तोच मुख्य कीबोर्ड म्हणून निवडा.

१. निरोप लिहायच्या कोणत्याही चौकटीत बोट टेकवा. कीबोर्ड वर येईल.

२. कीबोर्डच्या वरच्या पट्टीतलं दातेरी चाक दाबा. ते दिसत नसेल तर स्वल्पविरामाचं बटण दाबून धरा, तिथे ते सापडतं.

३. 'लँग्वेजेस' आणि मग 'ॲड कीबोर्ड' दाबा. यादीतून 'मराठी' निवडा.

४. आता वर कीबोर्डांची छोटी चित्रं दिसतील. एकावर इंग्रजीकडून मराठीकडे बाण असतो, एकावर नुसतं 'मराठी' असतं, एक हस्तलेखनाचं असतं. तिन्हींवर खूण करा आणि 'डन' दाबा. नको ते नंतर काढता येतं.

५. आता स्पेसबारजवळ पृथ्वीगोलाचं चिन्ह दिसेल. ते दाबलं की कीबोर्ड बदलतो. स्पेसबार दाबून धरला तर सगळ्या कीबोर्डांची यादी येते, आणि ते जास्त सोयीचं पडतं.

आयफोनवर 'सेटिंग्ज', 'जनरल', 'कीबोर्ड', पुन्हा 'कीबोर्ड्स' आणि मग 'ॲड न्यू कीबोर्ड' असं जा आणि मराठी निवडा. तिथेही गोलाच्या चिन्हानं भाषा बदलते. ॲप स्टोअरमधून आयफोनवर जीबोर्डही घेता येतो.

इथे एक चूक फार होते: घाईत मराठीऐवजी हिंदी निवडलं जातं. लिपी एकच असल्यामुळे काही दिवस लक्षातही येत नाही. मग सुचवलेले शब्द हिंदी वळणाचे येऊ लागतात, 'पाणी'च्या जागी 'पानी' उमटतं, 'ळ' शोधत बसावं लागतं. तुमच्या फोनवर असं होत असेल तर आधी स्पेसबारवर कोणत्या भाषेचं नाव आहे ते बघा. परदेशात राहत असाल तरी हा कीबोर्ड मिळतो. फोन कुठे विकत घेतला किंवा सिमकार्ड कुठलं आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

पहिली पद्धत: इंग्रजी अक्षरांतून मराठी

कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं दिसतात. तुम्ही शब्द उच्चाराप्रमाणे लिहिता, वरच्या पट्टीत देवनागरी पर्याय येतात, आणि स्पेस दाबला की पहिला पर्याय उमटतो. इंग्रजी कीबोर्डवर बोटं बसलेल्यांना पाच मिनिटांत जमतं. नवीन काही पाठ करायचं नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

अट एकच आहे: स्पेस दाबण्याआधी पट्टीकडे बघायचं. के, ए, एल लिहिलंत तर 'कल', 'काल', 'कळ', 'काळ' यांतलं काय हवं ते फोनला कळत नाही. जो शब्द लोक जास्त लिहितात तो तो पुढे करतो. इंग्रजीच्या एकाच 'एन'मध्ये न आणि ण, 'एल'मध्ये ल आणि ळ, 'टी'मध्ये त आणि ट, 'डी'मध्ये द आणि ड कोंबलेले असतात. त्यामुळे मराठीत जिथे अर्थ बदलतो नेमका तिथेच अंदाज चुकतो.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मात्र ही पद्धत मदत करते. 'आणि'ची वेलांटी पहिली की दुसरी, हे आठवत नसेल तर पट्टीत सहसा बरोबर शब्द येतो. पण 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही खरे शब्द आहेत, तिथे निवड तुम्हालाच करावी लागते.

आणखी दोन ठिकाणी जपा. 'त्यांना' लिहिताना एकच 'एन' दाबलात तर अनुस्वार गळून 'त्याना' होण्याची शक्यता असते, म्हणून 'एन' दोनदा दाबा. आणि परीक्षेच्या ओळीतला 'दऱ्या' लिहायला गेलात की 'दर्या' समोर येतो. एक डोंगरातला, दुसरा समुद्र. पट्टीत 'दऱ्या' दिसला तर तो उचला. नाही दिसला, तर तेवढ्या शब्दापुरता देवनागरी कीबोर्ड उघडा.

मायक्रोसॉफ्टच्या स्विफ्टकी या कीबोर्डमध्येही मराठी मिळतं. दोन्ही ठेवायची गरज नाही. एकावरच हात बसू द्या.

दुसरी पद्धत: देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड

पहिल्यांदा उघडल्यावर माणूस बिचकतो. अक्षरं क, ख, ग अशा क्रमानं नसतात आणि डावीकडे नुसत्या काने-मात्रा टांगलेल्या दिसतात. पण त्या मांडणीत युक्ती आहे. ती इनस्क्रिप्टवरून आलेली आहे. भारतीय भाषांसाठी सरकारनं १९८० च्या दशकात ठरवलेली ही प्रमाण मांडणी. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. मराठी लिहिताना व्यंजन आणि मग त्याची मात्रा असा क्रम सतत चालतो, त्यामुळे उजवा अंगठा आणि डावा अंगठा आळीपाळीनं पडतात. दोन अंगठ्यांनी लिहिणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

जीबोर्डच्या मराठी मांडणीत मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट आणि वरच्या ओळीत ब, ह, ग, द, ज, ड असतात. 'ख', 'घ', 'थ', 'ध' अशी महाप्राण अक्षरं त्यांच्या जोडीदाराच्याच बटणात लपलेली असतात. शिफ्ट दाबा किंवा बटण दाबून धरा, मागचं अक्षर वर येतं. 'ळ' हा 'ल'च्या मागे शोधा, 'ऱ' हा 'र'च्या मागे.

आता शिकायच्या चार गोष्टी.

आधी व्यंजन, मग मात्रा. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण दाबायची नंतर: क, मग ि. कागदावर लिहिणाऱ्या हाताला हे सुरुवातीला उलटं वाटतं. आपण उच्चारतो त्याच क्रमानं दाबायचं एवढं धरून चाला, म्हणजे चुकणार नाही.

जोडाक्षराची किल्ली म्हणजे हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण: ्. पहिलं अक्षर, हलन्त, दुसरं अक्षर. स, ्, थ, ि, त, ी म्हणजे 'स्थिती'. क, ्, ष म्हणजे 'क्ष'. ज, ्, ञ म्हणजे 'ज्ञ'. श, ्, र म्हणजे 'श्र'. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्यासाठी वेगळं बटण सापडलं तर उत्तमच, पण नाही सापडलं तरी काही अडत नाही. याच नियमानं कितीही अवघड शब्द लिहिता येतो.

मग 'र'. मराठीत याची रूपं अनेक, आणि नव्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण इथेच होते. र आधी आणि हलन्त नंतर आला तर रफार होतो: र, ्, क मिळून 'अर्क'मधला 'र्क'. व्यंजन आणि हलन्त आधी, र नंतर, तर अक्षराला पोटातली तिरपी रेघ मिळते: क, ्, र म्हणजे 'क्र'. हाच क्रम ट, ठ, ड यांना लावला की खाली टोपीसारखी खूण येते: 'ट्र'. आणि 'दऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा र हवा असेल तर साध्या 'र'ऐवजी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यायचा, मग हलन्त, मग य किंवा ह. टिंब आपोआप नाहीसं होतं. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं, आणि ते ठाऊक नसल्यामुळे 'सुऱ्या'चा 'सुर्या' आणि 'पुढाऱ्यां'चे 'पुढार्यां' झालेले रोज दिसतात.

शेवटी 'ॲ' आणि 'ऑ'. 'बॅट' लिहायला ब आणि मग ॅ. शब्दाच्या सुरुवातीला मात्र 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर वापरा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ते २००८ साली आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवलं जाई, आणि तसा जुना मजकूर अजून फिरतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण फोनच्या लेखी ते वेगवेगळे. संपर्कयादीत 'ॲड.' म्हणून जतन केलेले वकील शोधताना सापडत नसतील, तर आधी हे तपासा.

खोडायची रीतही इथे वेगळी आहे. मागे जाण्याचं बटण एकदा दाबलं तर बहुतेक वेळा शेवटची मात्रा किंवा हलन्त तेवढा जातो, पूर्ण अक्षर नाही. म्हणजे 'की'चा 'कि' करायला अक्षर पुन्हा लिहायला नको: एकदा खोडा, पहिली वेलांटी द्या.

सराव असा करा: पहिले काही दिवस फक्त नावं लिहा. घरातल्यांची, गल्लीतल्यांची, गावांची. 'श्रद्धा', 'ज्ञानेश', 'वृषाली', 'कोल्हापूर', 'चंद्रपूर', 'रत्नागिरी', 'म्हापसा'. नावांत जोडाक्षरं भरपूर असतात आणि बरोबर-चूक लगेच ओळखता येतं. मग वर्तमानपत्रातला एखादा लहान परिच्छेद बघून लिहा. रोज थोडं लिहिलंत तर दोन-तीन आठवड्यांत बटण शोधणं थांबतं.

या पद्धतीबद्दल मी एवढ्या आग्रहानं सांगते त्यामागे आणखी एक कारण आहे. मालवणीत 'खंय चललंस' लिहायचं असेल, अहिराणी, वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतला शब्द जसाच्या तसा उतरवायचा असेल, आजीची ओवी तिच्याच उच्चारात टिपायची असेल, तर अंदाज बांधणारा कीबोर्ड तो शब्द नेहमीच्या मराठीकडे ओढतो, कारण त्याच्या शब्दसंग्रहात बोली फार थोडी. अक्षरांच्या कीबोर्डला तुमचा शब्द माहीत असण्याची गरज नाही. गोव्यात देवनागरीत कोंकणी लिहिणाऱ्यांनाही हीच अक्षरं पुरतात.

मांडणी फारच परकी वाटत असेल त्यांच्यासाठी एक वेगळा प्रयोग झालेला आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड तयार झाला. त्यात व्यंजनं शाळेतल्या मुळाक्षरांच्या तक्त्याप्रमाणे लावलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती चक्रात त्याची बाराखडी उघडते, आणि हव्या त्या रूपाकडे बोट सरकवायचं. इंग्रजी कीबोर्डची सवय नसलेल्या, पण बाराखडी पाठ असलेल्या माणसासाठी ही कल्पना मला मनापासून आवडते. तुमच्या फोनवर चालत असेल तर जरूर लावून बघा.

तिसरी पद्धत: बोलून लिहिणं

कीबोर्डवरच्या मायक्रोफोनला स्पर्श करा आणि बोला. गुगलनं मराठीसाठी ही सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. पहिल्यांदा जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'व्हॉइस टायपिंग'खाली मराठी निवडली आहे ना ते बघा, नाहीतर फोन तुमचं मराठी इंग्रजी समजून ऐकतो. बहुतेक वेळा इंटरनेट चालू असावं लागतं.

वेगात ही सगळ्यांच्या पुढे. लांब निरोप, सभेचा वृत्तांत, मनात आलेला मजकूर पटकन उतरवायला हिच्यासारखी दुसरी नाही. डोळ्यांना कमी दिसतं किंवा बोटं थरथरतात अशा माणसाला तर हीच पद्धत आधी शिकवावी. शब्द-शब्द तोडून बोलू नका. पूर्ण वाक्य नेहमीच्या लयीत बोला, कारण आजूबाजूच्या शब्दांवरून फोन नेमका शब्द ठरवतो. 'काळ'चा 'काल' होणं इथे बरंच कमी, कारण ळ आणि ल कानाला वेगळे ऐकू येतात.

उणिवाही लक्षात ठेवा. विरामचिन्हं सहसा हातानंच द्यावी लागतात. आडनावं, गावांची नावं, औषधांची नावं चुकतात. 'की' आणि 'कि' ऐकायला एकच. गर्दीत, एसटीत, पंखा जोरात असेल तर चुका वाढतात. आणि चारचौघांत खात्याचा क्रमांक किंवा आजाराचं नाव मोठ्यानं उच्चारायचं नसतं, तिथे ही पद्धत बाजूला ठेवा. बोलून झालं की पाठवण्याआधी एकदा वाचा. औषधाचा डोस, वेळ आणि पैशांचे आकडे दोनदा.

चौथी पद्धत: बोटानं गिरवणं

हस्तलेखनाचा कीबोर्ड उघडला की खाली कोरी जागा येते. तिथे बोटानं शब्द लिहा, फोन तो छापील अक्षरांत बदलतो. अक्षर सुबक असण्याची गरज नाही, पण सुटं आणि मोठं काढा. एका वेळी एक शब्द लिहिलात तर ओळखणं सोपं जातं. अनुस्वाराचं टिंब ठळक द्या.

कीबोर्डची भीती बसलेल्या ज्येष्ठांना मी पहिल्या दिवशी हेच देते, कारण हे त्यांना आधीपासून येतं. पाटीवर लिहिलेलं आहे, पोस्टकार्डावर लिहिलेलं आहे. स्वतःचं नाव पडद्यावर उमटलेलं बघितलं की पुढचं शिकायला ते आपणहून तयार होतात. पद्धत हळू आहे, लांब मजकुराला दमवते. पण कीबोर्डवर न सापडणारं एखादं अडलेलं जोडाक्षर काढायला सगळ्यांनाच उपयोगी पडते.

कोणी काय घ्यावं

दिवसाला चार-दोन निरोप आणि इंग्रजी कीबोर्ड सरावाचा असेल, तर पहिली पद्धत पुरे. लेख, कविता, संस्थेचं इतिवृत्त, बोलीतलं काही लिहायचं असेल तर दुसरी. वेळ कमी आणि मजकूर लांब असेल तर तिसरीनं मसुदा बोला आणि दुसरीनं दुरुस्त करा. मी स्वतः बहुतेक वेळा असंच लिहिते. शाळकरी मुलांना दुसरीच शिकवा. त्यांची बोटं लवकर बसतात, आणि जोडाक्षर कसं बनतं हे त्यांना लिहिता लिहिता समजतं.

अडणाऱ्या बारीक गोष्टी

मराठी कीबोर्डवर आकडे कधी १, २, ३ असे, कधी इंग्रजी येतात. आकड्याचं बटण दाबून धरलं की दुसरं रूप मिळतं. निरोपात देवनागरी आकडे छान दिसतात, पण ऑनलाइन अर्ज, ओटीपी, पैसे पाठवायच्या चौकटी यांत इंग्रजी आकडेच भरा. देवनागरी आकडे अनेक ठिकाणी स्वीकारले जात नाहीत.

साधा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १६० चिन्हांचा असतो. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी मर्यादा ७० वर येते, आणि त्याहून लांब झाला तर तो ६७-६७ चिन्हांच्या तुकड्यांत जातो. मात्रा आणि हलन्तही स्वतंत्र मोजले जातात: 'नमस्कार'मध्ये सात चिन्हं आहेत. एसएमएसचे पैसे पडत असतील तर हे ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲपवर हा प्रश्न येत नाही.

पत्ता, संस्थेचं पूर्ण नाव, नेहमीचा मायना असा मजकूर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी' आणि 'पर्सनल डिक्शनरी' इथे मराठीखाली साठवता येतो. शेजारी छोटी खूण द्या, उदाहरणार्थ 'पत्ता'. ती लिहिली की पूर्ण मजकूर वरच्या पट्टीत येतो. कीबोर्ड सतत चुकवतो ती आडनावंही इथेच घाला.

कोणी संगणकावरची जुनी फाइल पाठवली आणि फोनवर निरर्थक चिन्हं दिसली, तर तुमचा फोन बिघडलेला नाही. ती फाइल युनिकोडपूर्वीच्या एखाद्या फॉन्टमध्ये लिहिलेली असते. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. वरच्या चारही पद्धतींनी लिहिलेलं मराठी युनिकोडमध्येच असतं, त्यामुळे ते दुसऱ्या फोनवर नीट दिसतं.

आणि कीबोर्ड निवडताना तो कोणाचा आहे ते बघा. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड इशारा देतो की हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेलं सगळं, पासवर्ड आणि कार्डाच्या क्रमांकांसकट, गोळा करू शकतो. रंगीत नक्षीच्या मोहानं अनोळखी कीबोर्ड घेऊ नका, आणि जो वापरत नाही तो काढून टाका.